साळवेमामांचा कान

साळवेमामा चोक कलिंगडासारखा वाजवून घ्यायचे. लोखंडावर तांब्याची तार गुंडाळलेलं ते पाच किलोचं धूड टेबलावर ठेवायचं, टिचकी मारायची, कान लावायचा आणि जाहीर करायचं, "ह्यो बडबड्या हाय. दुसरा आना."

नागापूरच्या एमआयडीसीत आमचं मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. करंटच्या उड्या, म्हणजे रिपल, चोक आवरतो. ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी कमी ठेवली तर मोटार शिट्टी मारते. वाढवली तर शिट्टी थांबते, पण ड्राइव्ह तापतो. हा मेळ आम्ही मीटरवर घालायचो, मामा कानावर. चाचणीच्या वेळी पंखे बंद, मोबाईल बंद, चहावाला गेटबाहेर. एकदा तर सुपरवायझरचं पोट गुरगुरतं म्हणून त्यालाही बाहेर काढलं.

सावेडीला माझ्या घरी आले, तर कुकरची शिट्टी ऐकून म्हणाले, "तीन किलोहर्ट्झ. लई खाली हाय." माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलावर त्यांचा शेरा: "पोरगं बरं हाय, पन रिपल लई. चोक लावा." मुलगा सारखा पाय हलवत होता, हे खरं. आम्ही नकार कळवला. कारण काय सांगावं ते मात्र सुचेना.

मागच्या महिन्यात पारनेरच्या एका पिठाच्या गिरणीचा ड्राइव्ह चाचणीला होता. मामा चार किलोहर्ट्झपासून फ्रिक्वेन्सी वाढवत नेत आणि शिट्टी विरली की थांबत, बहुतेक बारा-चौदाला. त्या दिवशी सहालाच थांबले. "गप झाला," म्हणाले. इकडे शिट्टीनं आमचे दात शिवशिवत होते! पण कान गेला असं त्यांना तोंडावर कोण सांगणार? वर्कशॉपमधला त्यांचा सगळा मान त्या कानावर होता. मला फार वाईट वाटलं. मामा चहाला गेले तेव्हा मी गुपचूप चौदा केलं.

परत येऊन त्यांनी ड्राइव्हवर तळवा ठेवला.

"ताई, सहाला ह्यो इतका तापत न्हाई. शिट्टी वाजत हुती ना?"

"हो, मामा."

मला वाटलं, आता चिडतील. ते स्टुलावर बसले.

"मार्थाचा आवाज मुळातच बारीक," बायकोबद्दल ते एवढं पहिल्यांदाच बोलत होते. "मला वाटलं, तिनंच हाक मारायचं सोडलं. म्हनून मीबी बोलायचं सोडलं. दोन महिने झाले."

मग त्यांनी घरचा नंबर लावून मोबाईल माझ्या हातात दिला.

"तुमी बोला तिच्याशी. म्हनावं, मामा रुसला न्हाई. त्याला ऐकूच येत न्हाई."