केळीच्या घडाची दुसरी प्रत

अभिमनभाऊंच्या मते उभ्या हिंदुस्थानात चेहरा बघून गुन्हा ओळखणारी तीनच माणसं होती, आणि त्यांतली दोन वारली होती. पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीवर त्यांची ‘खानदेश गुप्त तपास कचेरी’ होती. पाटी इतकी मोठी, की स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांनाही गुप्त कचेरी कुठे आहे ते पाठ होतं. सहायक सुपडू. एसटीत तीस वर्षं कंडक्टर. बिनतिकिटाचा माणूस तो गाडीची पायरी चढतानाच ओळखायचा. कचेरीत मात्र ओळखायचं काम भाऊंकडे होतं.

१९९४ च्या चैत्रात गिरधर आला. डोळे लाल. संगणक-वर्गात शिकवून उरलेल्या वेळात, आठ महिने खपून त्याने एक खेळ बनवला होता : ‘केळीचा घड’. पडद्यावरचा हमाल घड घेऊन ट्रककडे पळतो, वानरं ओढाओढ करतात. रविवारी तो धुळ्याच्या प्रदर्शनात मांडायचा होता. पहिला येईल त्याचा खेळ मुंबईची एक कंपनी त्याच्या नावाने विकणार होती.

“आणि आयोजक म्हणतात, हाच खेळ धुळ्याच्या जीवरामने आधी दिलाय! उघडला की त्याचं नाव येतं. रविवारपर्यंत खेळ माझा ठरला नाही, तर नक्कल करणारा म्हणून मलाच बाहेर काढणार.”

“चोरीला नेमकं काय गेलं?” भाऊंनी विचारलं.

“काहीच नाही. खेळ माझ्याकडे आहेच.”

“मग चोरी कसली?”

“तेच तर, भाऊ! गहू चोरला तर कोठी रिकामी होते. हे चोरलं तरी कोठी भरलेलीच. म्हणून कोणी चोरी म्हणतच नाही!”

“फ्लॉप्या किती?” सुपडूने विचारलं.

“दोन. एक माझ्या खिशात. दुसरी माघात जपून ठेवायला भाऊंनाच दिली.”

“ती माझ्या घरच्या कपाटात सुरक्षित आहे,” भाऊ म्हणाले. कपाट बघायची त्यांना गरज वाटली नाही.

संध्याकाळपर्यंत तीन निष्कर्ष निघाले. एक, संगणक-वर्गाच्या झरोक्यातून कोणीतरी अख्खा खेळ तोंडपाठ केला. दोन, केळीच्या व्यापाऱ्यांचा हात आहे. तीन, वानरांची चौकशी व्हावी. तिसरा भाऊंनी स्वतःच मागे घेतला, पण जड मनाने.

शनिवारी भाऊ आणि सुपडू एसटीने धुळ्याला निघाले.

“धुळं आलं, भाऊ. उतरा.”

“गुन्हेगार धुळ्यात असेल असं सगळ्यांना वाटतं. म्हणून तो तिथे नसणार.”

दोघे थेट पुढच्या सोनगीरला उतरले, भर दुपारी किल्ला चढले आणि वर एका शेळीवर संशय घेऊन परत धुळ्याला आले.

जीवरामने आनंदाने दार उघडलं. त्याचाही संगणक-वर्गच होता.

“चोरी?” त्याची आई प्रमिलाबाई चहा ठेवत म्हणाली. “आरे भाऊ, ती फ्लॉपी ते आहेरमा उनी! याना लगीनमा, फागुनमा.”

“पण नाव तुझं कसं?” सुपडूने जीवरामला विचारलं.

“आहेरात आलेल्या भांड्यावर आपण नाव घालून घेत नाही का? तसंच घातलं. प्रोग्रॅम उघडा होता, नावाची जागा रिकामी.” मग तो थबकला. “म्हणजे हा कोणी माणसाने बनवलाय? मला वाटलं, फ्लॉपीसोबतच येतो!”

“आहेर देणारा हाच सूत्रधार!” भाऊ उठून उभे राहिले. “या टोळीची पाळंमुळं मी खणून काढीन!”

प्रमिलाबाईंनी फडताळातून ब्लाऊजपीस काढला. काळी फ्लॉपी यातच गुंडाळून आली होती. कोपऱ्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली. सुपडूने ती वाचली आणि भाऊंच्या हातात दिली.

‘सौ. भिकुबाई अभिमन, पिंप्राळा.’

भाऊ खाली बसले. त्या लग्नाला बायको एकटीच गेली होती. भाऊ त्या दिवशी एका संशयित रेड्यावर पाळत ठेवून होते.

जीवरामने कान पकडले, नाव पुसलं, आणि रविवारी सकाळी आयोजकांसमोर स्वतः उभं राहून खेळ गिरधरचा असल्याचं लिहून दिलं. पडद्यावर गिरधरचं नाव आलं, हमाल पळाला, वानरं धावली. संध्याकाळी पहिला नंबर.

भाऊंनी अहवालात लिहिलं : ‘गुन्हेगार सापडला. तपासाच्या हितासाठी नाव गुप्त.’

सोमवारी गिरधर पेढे घेऊन भाऊंच्या घरी गेला. भिकुबाईंनी पेढा घेतला आणि हळूच विचारलं,

“गिरधरभाऊ, ते काळं पाकीट आखो एक शे का? वैशाखमा दोन लगीन शेतस.”