डुलणारे गर्भ

सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीत माशांचे चिमुकले गर्भ डुलत होते. सगळे एकदम, डावीकडे, उजवीकडे, जणू पाण्याखाली कुणी अंगाई म्हणत होतं. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली संशोधिका अर्ध्या झोपेत त्यांच्याकडे टक लावून बसली होती. मासा असो की माणूस, हृदय घडवणारी जनुकं जवळपास तीच. त्यातल्या एकाचा आवाज तिनं दाबून ठेवला होता, म्हणजे त्याचं काम बंद पाडलं होतं. तरीही हृदय धडधडतं का, ते पाहायचं होतं. दिसलं तर नोकरीची मुदत वाढणार, नाहीतर महिनाअखेरीस घरी. आणि इथं प्रत्येक चित्रफीत हललेली.

कॅमेरा बिघडलाय म्हणून ती प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेली, तर चित्रफीत पाहून मॅडम खुर्चीतून उठल्याच. इतके कोवळे गर्भ असे तालात डुलताना कुणी पाहिले होते? प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं हळूच सांगून पाहिलं, की बशीत एक मेलेलाही आहे आणि तोही डुलतोय. मॅडम बधल्या नाहीत.

"सुरुवातीला अंडं आईनं भरून दिलेल्या निरोपांवरच चालतं," त्या म्हणाल्या. "हा आईचाच प्रताप आहे, बघ तू."

दुपारपर्यंत शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसं कप हातात घेऊन डोकावून गेली. संध्याकाळी खुद्द संचालकांनी उद्या येतो म्हणून कळवलं. मुदतवाढ झाल्यातच जमा होती.

घरी ती जेवायला बसली. नवरा तिच्याकडे बघत राहिला.

"अगं, बाळ माझ्या मांडीवर आहे."

"बरं मग?"

"मग तू झोके कुणाला देतेयस?"

तिनं खाली पाहिलं. तिचा पाय रिकामा पाळणा हलवत होता, अगदी मन लावून. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाला खाली आडवी पट्टी होती, आणि तिचा पाय दिवसभर त्याच पट्टीवर असायचा. आधी तिला हसू फुटलं, मग महिनाअखेर डोळ्यांपुढे उभी राहिली. संचालक येऊन जाऊ देत, मग सांग, असं नवऱ्यानं सुचवलं. तिच्यानं ते होईना.

सकाळी तिनं मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडम तिच्यामागून सूक्ष्मदर्शकापाशी आल्या. मग ती खुर्चीवर चक्क मांडी घालून बसली आणि भिंगातून पाहू लागली. गर्भ निवांत झाले होते. काचेसारख्या त्या अंगात काहीतरी उघडझाप करत होतं. अडखळत, दम खात, पण चाललं होतं. एकाचा आवाज दाबला तरी सोबतच्या जनुकांनी निभावून नेलं होतं. तिचे डोळे भरून आले. "थांबलेत," म्हणत तिनं उठून मॅडमना जागा दिली.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या.

"थांबलेत म्हणालीस ना?"

"हो."

"डुलतायत की गं."

ती वाकली. मॅडमचा पाय चपलेतून निघून पट्टीवर गेला होता आणि संथपणे हलत होता. मॅडमच्या मुलाला आता चांगल्या मिशा होत्या.

"मॅडम, तुमचा पाय."

मॅडमनी खाली पाहिलं. पाय काढला मात्र नाही.

"हृदय दिसलं ना तुला?"

"दिसलं."

"मग तुझी मुदत वाढली. संचालकांचं मी बघते." त्यांनी डोळा परत भिंगाला लावला. "तू बाहेर थांब. मला जरा पाच मिनिटं बसू दे इथं."