करंगळीचा पल्ला

"अहो, लवकर या! करंगळी पोचली गिटारच्या पाचव्या पट्टीवर!" ओकबुन दुकानातूनच ओरडली. नवरा दोकसू स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत करंगळी निसटली होती.

मोक्पो शहराच्या बंदरामागच्या गल्लीत ओकबुनचं बायकांचे केस कापायचं, रंगवायचं दुकान होतं. साठीत तिने गिटार हातात घेतली होती. आज चार वाजता वस्तीच्या सभागृहात सात जणींच्या गिटारवर्गाचा पहिला कार्यक्रम, आणि एकटीने वाजवायचा तुकडा तिच्याच वाट्याला आलेला! आनंदाने ती सकाळपासून गिटार खाली ठेवत नव्हती.

बोटं फाकावीत म्हणून तिने केस कुरळे करायचे तीन जाडजूड रोलर डाव्या हाताच्या बोटांमध्ये खुपसले आणि वरून रबर गुंडाळले. तेवढ्यात नेहमीची गिऱ्हाईक मालसून केसांना रंग लावून घ्यायला आली. ओकबुनने एका हाताने रंग थापला. पण रोलर काढायला गेली, तर बोटं सुजून टम्म!

"ताई, थांब, मी ओढते," मालसून डोक्यावरच्या रंगासकट उठली.

"तिळाचं तेल आणू?" दोकसूने विचारलं.

"आणा! आणि ते महागातलं नको!"

तेल ओतलं. मालसूनने रोलर धरले, दोकसूने मालसूनची कंबर. "एक, दोन…" रोलर सुटले, दोघं मागच्या मागे टॉवेलांच्या ढिगात कोसळली आणि ओकबुनचा डावा अंगठा खुर्चीच्या दांड्यावर आदळला. बर्फ शोधण्यात अर्धा तास गेला, आणि रंग डोक्यावरच राहिला. मालसूनचे केस धुतले, तेव्हा ते वांग्यासारखे जांभळे निघाले होते.

"आता मी लोकांत जाऊ कशी?"

"माझ्याबरोबर चल. सगळे तुलाच बघतील, मग माझं चुकलं तरी चालेल!"

सभागृहात शिक्षक प्यो यांनी बँडेजने ताठ बांधलेला अंगठा पाहिला. ओकबुन रडवेली झाली. "सर, गिटारच्या दांडीला विळखाच घालता येत नाही हो."

"मग नका घालू. अंगठा नुसता मागे टेकवा."

मंचावर तिने तसाच टेकवला. मनगट आपसूक खाली आलं आणि करंगळी अलगद पाचव्या पट्टीवर जाऊन बसली. स्वर खणखणीत वाजला. सभागृहात टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात जांभळ्या डोक्याच्या मालसूनच्या.

"चार महिने मी हेच सांगत होतो," प्यो सर पुटपुटले.

सोमवारी ते वर्गात आले. सातही जणी गिटार घेऊन शिस्तीत बसल्या होत्या, आणि प्रत्येकीचा डावा अंगठा बँडेजमध्ये होता.