कीबोर्डाला सगळं ठाऊक

रविवारी सकाळी सासूबाईंनी बहिणीला मेसेज लिहायला घेतला. 'जावई' एवढंच लिहून झालं आणि कीबोर्डानं वरच्या पट्टीत पुढचा शब्द आणून ठेवला : 'घोरतात'.

"अगंबाई!" सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "जावईबापू, मी हे कधी लिहिलेलं नाही हो. खोटं आहे असंही नाही म्हणा. पण ह्याला कळलं कसं?"

जावईबापूंच्या हातातला पेपर खाली आला. हा कीबोर्ड त्यांनीच तयार केला होता. माणूस काय लिहितो ते पाहून पुढचे शब्द तो आपणहून सुचवायचा, आणि जे जास्त वेळा लिहिलं जाईल ते आधी. ऑफिसातले लोक फारच जपून टाइप करतात म्हणून जावईबापूंनी तो महिन्याभरापूर्वी घरच्यांच्या फोनवर चढवला : स्वतःच्या, बायकोच्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आलेल्या सासूबाईंच्या, आणि त्यांना सोडायला येऊन परत गेलेल्या सासऱ्यांच्याही. पासवर्ड कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून चारही फोनना एकच खातं दिलं. इथेच माती खाल्ली. चौघांचं लिखाण एकाच डोक्यात साठत होतं, आणि ह्याचं त्याला, त्याचं ह्याला वाढलं जात होतं.

"म्हणजे 'घोरतात' कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मैत्रिणीला लिहिलं होतं. त्यात काय एवढं?"

सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. महिनाभर गुडघ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. आज त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी 'डॉक्टर' लिहिलं. पट्टीत आलं 'काही'. दाबलं. 'म्हणोत'. दाबलं. 'चहात', 'दोन', 'चमचे', 'साखर'.

त्यांनी थेट घरी फोन लावला. "अहो, दोन चमचे? दो-न?"

पलीकडून सासऱ्यांचा बारीक आवाज आला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच फोननं!"

फोन ठेवून त्या पुन्हा कामाला लागल्या. 'आई' लिहिलं, तर 'औषध घेतलंस का' आलं. "ही लेक. गुणाची आहे माझी." मग त्यांनी हळूच मान वळवली. "आणि जावईबापू, तुम्ही मला माझ्या पाठीमागे काय म्हणता हो? सासूबाईच ना?"

जावईबापूंनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. ऑफिसातल्या मित्राला ते रोज न चुकता लिहायचे, 'सासूबाई कधी जाणार, देव जाणे.' तीस दिवस, तीस वेळा. तसं वाईट काही नव्हतं मनात, पण त्या बिचाऱ्या दुखऱ्या गुडघ्यानिशी हे वाचणार म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शिवाय बायको! पुसून टाकावं, तर महिन्याचं सगळंच शिकणं पुसलं जाणार, आणि उद्या साहेबांना तेच दाखवायचं होतं.

तेवढ्यात साखरेचा खुलासा करायला सासऱ्यांचा उलट फोन आला. जावईबापू स्वतःचा फोन घेऊन बाथरूममध्ये घुसले, कडी लावली आणि लिहायला लागले. 'सासूबाई इथेच राहाव्यात.' तक्रार तीसदा झालेली, म्हणजे कौतुक निदान एकतीसदा हवं.

"आत काय चाललंय?" बायकोनं दार वाजवलं.

"काम!"

"बाथरूममध्ये?"

"अर्जंट आहे!"

धोका नको म्हणून पन्नासदा लिहून ते घाम पुसत बाहेर आले. सासूबाई पट्टीतला एकेक शब्द दाबत मोठ्यानं वाचत होत्या, "सासूबाई... इथेच... राहाव्यात." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "एवढा जीव आहे होय माझ्यावर? मग बुधवारचं तिकीट रद्दच करावं म्हणते."

"हो हो, करा की," जावईबापू म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

दुपारभर त्यांना चैन पडेना. खरंच रद्द केलं असेल? विचारायचं कसं? शेवटी आतल्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतःच्या फोनवर 'बुधवारी' लिहिलं. पट्टीत आलं 'मी'. दाबलं. 'निघणारच'. 'आहे'. 'जावयांची'. 'जरा'. 'गंमत'. 'करतेय'.

अस्सं! म्हणजे बहिणीला हे असं कळवलंय तर! जावईबापूंना इतकं हलकं वाटलं की सासूबाईंबद्दल खरोखरच माया दाटून आली. बाई मोठी मिश्कील आहे, उगाच महिनाभर कुरकुर केली आपण. ते छाती काढून बाहेर आले.

"आई, बुधवारबिधवार काही नाही! तुम्ही इथेच राहायचं. गेलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी!"

"अगदी मनापासून म्हणताय?"

"शपथ घेऊ का?"

सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्या लेकीकडे वळल्या.

"वाचलं गं यांनी. आता तिकीट खरंच रद्द करून टाक."