वाघाले सुट्टी

कबड्डीचा सामना सुरू झाला की रशीदभाई मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. मागे चढाई रंगलेली, लोक गळा फाटेस्तोवर ओरडताहेत, आणि हे कॅमेरा डोळ्याला लावून त्या ओरडणाऱ्यांचेच फोटो काढताहेत. कोणी हटकले तर म्हणतात, "खेळ तं सारेच पाहून राह्यले. पाहनाऱ्याले कोन पाह्यते?"

मूळचे खामगावचे. वडिलांचा सरकीचा व्यापार. हे मात्र मुंबईला गेले, बरीच वर्षे मोठमोठ्या संघांची बोधचिन्हे, जर्सी, झेंडे करत राहिले आणि एके दिवशी सामान बांधून परत आले.

"परत काऊन आले, भाई?" मी एकदा विचारले.

"वाघ काढून काढून थकलो, सर. ज्याले त्याले वाघच पाह्यजे."

इकडेही तेच. गावोगावचे संघ येतात आणि वाघ मागतात. रशीदभाई हात वर करून सांगतात, "वाघाले सुट्टी! तुमच्या गावात काय हाय ते दाखवा." मग दिवसभर त्या गावात फोटो काढत फिरतात. धामणगाव बढ्याच्या पोरांना त्यांनी बैलाच्या शिंगावरची पितळी शेंबी काढून दिली. पोरे रुसली. मग जिंकली. मग तीच शेंबी त्यांनी मोटारसायकलींवर रंगवून घेतली.

कॅमेऱ्याला मात्र ते कोणाला हात लावू देत नाहीत. "माही बायको समजा," म्हणतात. लग्न केलेले नाही.

माझी पत्नी आशा सोनाळ्यात मुलींना कबड्डी शिकवायची. खेळायच्या आधी मुली काचेच्या बांगड्या काढून तिच्याकडे देत आणि ती त्या सगळ्या स्वतःच्या हातांत चढवी. सामनाभर कोपरापर्यंत किणकिणत राही. रशीदभाईंना म्हणायची, "एखादा फोटो खेळाचाही काढा न, भाई!"

"तुमी फायनल जिंका, बाई. काढतो."

गेल्या उन्हाळ्यात आशा गेली. मुली जिद्दीने खेळत राहिल्या आणि खामगावच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. त्यासाठी नवी जर्सी हवी होती. त्यांना वाघीण हवी होती. रशीदभाईंनी जर्सी उलगडली. छातीवर एक उंचावलेला हात, कोपरापर्यंत बांगड्या.

कर्णधार मनीषा म्हणाली, "भाई, लोक हासतीन न! म्हनतीन, बांगड्या भरून आल्या."

"म्हनू दे. हात कोनाचा हाय ते पाह्य."

मनीषाने पाहिले. मग जर्सी घडी करून छातीशी धरली.

सामन्याच्या दिवशी कोणीतरी ओरडलेच, "बांगड्या आल्या बे!" मुलींनी तिकडे लक्ष दिले नाही. त्या अडल्या दुसऱ्याच गोष्टीपाशी. सवयीने सगळ्यांनी बांगड्या उतरवल्या आणि तशाच मुठीत धरून उभ्या राहिल्या. द्यायच्या कोणाकडे? पंचांनी शिट्टी मारली. एकीला रडू फुटले. मी हात पुढे केला, पण मनगटापर्यंत एकही बांगडी जाईना.

रशीदभाईंनी कॅमेऱ्याचा पट्टा सोडवला. "आना इकडे," म्हणाले. एकेकीच्या बांगड्या त्यात ओवल्या, टोकांना गाठ मारली आणि ती माळ गळ्यात घातली. कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या!

"जाय आता, मनीषा. एक बी फुटू देत नाही."

आणि दोन्ही हातांनी बांगड्या छातीशी कवटाळून रशीदभाई मैदानाकडे तोंड करून उभे राहिले.

मुलींनी समोरचा संघ उभा राहू दिला नाही. शेवटच्या चढाईत मनीषा तिघींना ओढत रेषेवर आली, तेव्हा मघाशी ओरडणारेच जर्सीवरच्या हातासारखे हात उंचावून नाचत होते. मुली धावत आल्या आणि रशीदभाईंच्या गळ्यातल्या माळेची गाठ सोडून आपापल्या बांगड्या वेचू लागल्या. एकही वाढली नव्हती.

गर्दी ओसरल्यावर मी म्हणालो, "भाई, फायनलचा फोटो आशाला कबूल केला होता तुम्ही."

रशीदभाई रिकामा पट्टा कॅमेऱ्याला परत अडकवत होते. तो अडकत नव्हता.

"हात मोकये कुठी होते, सर?" ते म्हणाले. "पन बाईच्या वाटचं सारं पाह्यलं."