आप्पा फलटणला गेले

आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. जोतिबाआप्पा ऊस तुटलेल्या रानात मातीच्या नमुन्यासाठी खड्डे घेत होते आणि त्यांची लेक राजेश्वरी बांधावरून हुकूम सोडत होती. "आप्पा, खड्डा नऊ इंच! बांधाजवळची माती नको!"

आप्पा निमूट ऐकत. वाटेनं जाणाऱ्याला थांबवून सांगत, "पोरगी शेतकी शिकलीया. मातीची डाक्टर हाय!"

शेजारच्या उसाचे तुरे उन्हात विरघळत होते. अर्धा किलो माती पांढऱ्या पिशवीत भरून आप्पांनी जांभळाला टांगली. पहाटे ते झोपेतच गेले.

राजेश्वरी रडली नाही. तिनं कामांची यादी केली. "यात चूक व्हायची नाही," असंही बजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा तशाच पांढऱ्या पिशवीत गोळा केली. "मला माझ्याच रानात ठेवा," असं आप्पा म्हणत. रक्षा खड्ड्यात घालून वर आंबा लावायचा होता. सांगलीची आत्या पोचेपर्यंत ती पिशवीही जांभळाला टांगली. आप्पांचं काम अडायला नको, म्हणून राजेश्वरीनं चुलतभाऊ केरबाला मातीची पिशवी घेऊन फलटणच्या प्रयोगशाळेत धाडलं.

दुपारी आत्या आली. आप्पांचे धाकटे भाऊ गुंडातात्या यांनी खड्ड्याशी पिशवी सोडली.

"आगं, ही तर काळी माती!"

"मग दादा कुठं?" आत्या किंचाळली.

"फलटणला गेलं!"

राजेश्वरीनं केरबाला फोन लावला. टेबलावर राहिलेला तो फोन प्रयोगशाळेतल्या नूरीननं उचलला. "बरं झालं, ताई! ही माती हाय का काय? सामू सातच्या जागी अकरा, पालाश मोजता मोजंना! शेतकऱ्याला म्हणावं, राख टाकायची बंद करा."

"शेतकरीच आहेत ते," राजेश्वरी म्हणाली. "माझे वडील. त्यांची रक्षा आहे."

पलीकडे स्टूल पडलं. "या अल्ला! ताई, नमुना कमी करायला आमी चाळून चार भाग केले. समोरासमोरचे दोन ठेवले..."

"आणि उरलेले?"

"बादलीत. तिच्यात आधीच तीन गावांची माती हाय."

"आसू दे," तात्या फोनकडं वाकून ओरडले. "दादाला एकट्याला कवा करमलंय! बादलीसकट धाडा!"

तासाभरानं आप्पा मोटारसायकलवरून परतले! अर्धे पिशवीत, अर्धे बादलीत, आणि बादलीवर नूरीनची ओढणी घट्ट बांधलेली.

"हळू आणलंस न्हवं रं?"

"व्हय, तात्या. आप्पास्नी धक्के सोसत न्हाईत," केरबा म्हणाला आणि हुंदके देऊ लागला.

राजेश्वरीनं ओंजळीनं रक्षा सोडली. थोडी उन्हात तरंगत राहिली, जणू खाली उतरायची तिला घाई नव्हती. आप्पा पलीकडच्या बांधावर पाणी बघायला गेलेत आणि आत्ता हाक मारतील, असं तिला वाटलं. हाक आली नाही. मग तीच बोलली, सगळ्या भावकीला ऐकू जाईल एवढ्यानं:

"आप्पा, मातीच्या पेपरात मी नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला तुम्ही रानात सांगायचा तेच लिहिलं, तेव्हा पास झाले."