शोभेची वांगी

नव्या घरांची यादी लागली आणि गल्लीतल्या चाळीसच्या चाळीस घरांपुढे ‘अपात्र’ असं छापून आलं, तेव्हा सगळी गल्ली काकूंच्या दारात येऊन उभी राहिली. साहजिकच होतं. अर्जातल्या चौदाव्या प्रश्नाला ‘हो’ लिहा, असं घरोघर फिरून सांगितलं होतं ते काकूंनीच.

"काकू, तुमच्या वांग्यांनी आमची घरं खाल्ली!" पंक्चरवाला ओरडला.

"माझ्या वांग्यांनी? अरे, मी काय स्वतःच्या मनानं सांगितलं का?"

ते मात्र खरं होतं. नाला रुंद करायचा म्हणून ही गल्ली उठणार आणि तिला सात मजली इमारतीत घरं मिळणार, हे ठरून वर्ष झालं होतं. त्या इमारतीच्या गच्चीवर घरटी एक भाजीचा वाफा, ही कल्पना नियोजन कार्यालयातल्या तरुण बाईंची. गल्ली त्यांना नकाशेवाली म्हणायची. ‘आपण शेती करता का?’ हा चौदावा प्रश्न त्यांचाच. "जितके हो, तितके वाफे," असं त्या काकूंच्याच ओट्यावर बसून, काकूंचा चहा पिऊन सांगून गेल्या होत्या. आणि काकू तर तीस वर्षं घरामागच्या कट्ट्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी, मिरच्या, टोमॅटो पिकवत होत्या. त्यांना तो प्रश्न आपला मान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी काकू पदर खोचून कार्यालयात गेल्या. मागून काका निघाले, भांडण विकोपाला गेलं तर बायकोला घरी आणायला कुणी तरी हवं म्हणून.

नकाशेवाली पार ओशाळली होती. "काकू, माझा प्रश्न फक्त वाफ्यांसाठी होता हो. पण पात्रता दुसरा विभाग ठरवतो. त्यांच्या नियमात शेतकऱ्याला घर देता येत नाही. शेतकरी म्हटला की त्याच्याकडे जमीन असणार, असं ते धरतात."

"माझ्याकडे डबे आहेत. सतरा!"

"डब्यांसाठी रकाना नाही."

"म्हणजे नव्या जागेत शेती करावी म्हणून घर द्यायचं, आणि शेती करते म्हणून तेच घर नाकारायचं? अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे का कुणाचं?"

"माझं आहे," नकाशेवाली हळूच म्हणाली, "पण माझ्या हातात नुसता नकाशा आहे."

तक्रार केली म्हणून तपासणी लागली. तपासनीस सकाळीच आले. एकोणचाळीस घरांत त्यांना हिरवं पान दिसलं नाही, त्यामुळे ती घरं दुपारच्या आत निर्दोष सुटली. राहिलं काकूंचं. आणि एक घर जरी वादात असलं तरी सगळ्या इमारतीचं वाटप थांबतं, हे तपासनिसांनी बोलता बोलता सांगून ठेवलं. झालं! सगळी गल्ली काकूंच्या कट्ट्याभोवती गोळा झाली.

तपासनिसांनी टेप काढली आणि एकेका डब्याचं तोंड मोजलं. मग एका टपोऱ्या वांग्याकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"दिसत नाही? वांगं आहे."

"म्हणजे पीक."

"नाही नाही, साहेब," काका मध्ये पडले, "शोभेचं आहे. जांभळा रंग आवडतो हिला."

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की काका पंक्चरवाल्याच्या मागे सरकले. पण तपासनिसांचा चेहरा उजळला. त्यांनाही दिवेलागणीच्या आत घर गाठायचं होतं. त्यांनी लिहून घेतलं: ‘सतरा शोभेची झाडे. फळे आढळली, परंतु हेतू आढळला नाही.’

"आता एवढ्यावर सही करा."

काकूंनी कागद वाचला. ‘मला शेतीतले काहीही कळत नाही व मी ती कधीही केलेली नाही.’

त्यांचा संताप मस्तकात गेला. या डब्यांतल्या भाजीवर त्यांनी दोन मुली वाढवल्या होत्या. पंक्चरवाल्याच्या आजारी आईला आठवडाभर टोमॅटोचं सार याच कट्ट्यावरून गेलं होतं. आणि आता काहीही कळत नाही? पण समोर एकोणचाळीस घरं श्वास रोखून उभी होती.

"करा की काकू," पंक्चरवाला रडकुंडीला येऊन म्हणाला.

काकूंनी सही केली. अक्षर इतकं दाबून काढलं की कागद फाटायचाच बाकी राहिला.

घरं मंजूर झाली. किल्ल्या देण्याआधी सगळ्यांना नव्या गच्चीवर बोलावलं, कारण शेतीचं ज्ञान नसलेल्यांना प्रशिक्षण सक्तीचं होतं. तपासनीस वही घेऊन खुर्चीवर बसले. शिकवायला कुणी मिळालं नव्हतं, म्हणून नकाशेवालीच कागद घेऊन उभी राहिली.

"मिरचीचं बी चार बोटं खोल पेरावं," तिनं वाचलं आणि मातीत अख्खी बोटं खुपसली.

काकूंनी ओठ आवळले. काकांनी त्यांचा हात घट्ट धरला. "घर, अगं घर," ते पुटपुटले.

"मग भरपूर पाणी घालावं." नकाशेवालीनं बादली उचलली आणि वाफ्यात उपडी केली. बी, माती, सगळं पन्हाळीकडे वाहत निघालं.

"अगं पोरी, पुरतेस की पेरतेस?" काकू काकांचा हात झिडकारून उठल्या. "बी वरच्यावर भुरभुरायचं, त्यावर नखभर माती, आणि पाणी शिंपडायचं! ती झारी दे इकडे. आणि तू रे, वाफ्यावरून चालू नकोस, माती दबते!" बघता बघता चाळीस वाफे त्यांच्या ताब्यात गेले.

अर्ध्या तासानं त्यांचं तपासनिसांकडे लक्ष गेलं. ते भराभर लिहीत होते. काकूंच्या हातातली झारी थांबली, काकांनी डोळे मिटून घेतले.

तपासनिसांनी मजकूर मोठ्यांदा वाचला. "लाभार्थीचे शेतीचे ज्ञान शून्य होते. प्रशिक्षणानंतर अवघ्या अर्ध्या तासात ती इतरांना शिकवू लागली. सबब प्रशिक्षण अत्यंत यशस्वी." त्यांनी समाधानानं मान हलवली. "अभिनंदन, बाई. हे आमचंच यश आहे म्हणा!"

"तुमचं?" काकूंचा आवाज चढला. तीस वर्षं अशी अर्ध्या तासाच्या नावावर चढताना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काकांनी हात जोडले होते, पंक्चरवाल्यानंही जोडले होते, आणि टेबलावर चाळीस किल्ल्या होत्या.

तपासनिसांनी एक कागद पुढे केला. "एवढं भरा, की किल्ली घ्या. ‘या प्रशिक्षणात आपण काय शिकलात?’"

काकूंनी मातीचे हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि लिहिलं: ‘गप्प बसायला.’